आव्हिन्यों सहल: गाडी पॅरिसला बदलायची की लीलला? (आज रात्री १२ च्या आत कळवा)

सहल समिती, मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मंडळी, नमस्कार.

एजंटाने २१ जागा आज रात्री बारापर्यंतच धरून ठेवल्या आहेत. फ्रान्समधल्या आव्हिन्योंला जायचे पर्याय दोन. पहिला : लंडनच्या सेंट पॅनक्रस ते पॅरिस गार दु नॉर, तिथून सामानासह गार द लियों आणि तिथून आव्हिन्यों. मध्ये ७० मिनिटं. दुसरा : सेंट पॅनक्रस ते लील युरोप आणि त्याच स्टेशनावरून थेट आव्हिन्यों. मध्ये १ तास ५० मिनिटं, पण एकूण प्रवास ४० मिनिटांनी लांबतो.

नुसतं ‘पॅरिस चालेल’ असं लिहू नका, कारणही लिहा. मागे कोलोनला तिकिटांवर दोन वेगळी स्टेशनं निघाली, तसं पुन्हा व्हायला नको.

नाना, ७:०५

पॅरिस. मी या मार्गाने अनेकदा गेलो आहे. गार दु नॉरच्या खालीच आरईआरचा, म्हणजे पॅरिसच्या लोकलचा फलाट आहे. तिथून डी लाइन पकडायची, पहिलं स्टेशन शातले, दुसरं गार द लियों. मध्ये कुठे बदलायचं नाही. ७० मिनिटं पुष्कळ झाली. शिवाय पॅरिसहून दक्षिणेकडे गाड्या भरपूर असतात, एक चुकली तर दुसरी मिळते. लीलहून तशा नाहीत.

माई, ७:३२

नाना, तुम्ही खांद्याला एक पिशवी लावून एकटे जाता. आपण २१ जण आहोत, त्यातले ६ सत्तरीच्या पुढचे.

मागच्या वर्षी मी आणि हे दोघंच होतो. आरईआरच्या फाटकात मी तिकीट घातलं, मी पुढे गेले आणि बॅग मागे अडकली. झडप बंद झाली. बॅगेचा दांडा माझ्या हातात, चाकं पलीकडे आणि मागे लोकांची रांग. एका मुलीने बॅग उचलून वरून दिली म्हणून सुटले. हे २१ वेळा करायचं का? प्रत्येकाला वेगळं तिकीट लागतं, एकाच्या तिकिटावर दोघं जाऊ शकत नाहीत.

आणि ती ७० मिनिटं पूर्ण मिळत नाहीत. लंडनहून येणारी गाडी ४०० मीटर लांब असते. शेवटच्या डब्यात जागा मिळाली तर फलाटाचं टोक गाठेपर्यंतच दहा मिनिटं जातात. पुढे टीजीव्हीची (फ्रान्सच्या वेगवान गाडीची) दारं सुटण्याच्या २ मिनिटं आधी बंद होतात. गार द लियोंला फलाट साधारण २० मिनिटं आधी तक्त्यावर लागतो. काही फलाटांना अक्षरं, काहींना आकडे आणि दोन्ही वेगवेगळ्या दालनांत. चुकीच्या दालनात उभे राहिलो तर पुन्हा चालत जायचं.

नवीन सभासद (विद्यार्थी), ७:४०

माफ करा, एक शंका. गार द लियों हे लियों शहरात आहे ना? मग पॅरिसला कशाला उतरायचं, लियोंलाच का नाही?

अण्णा, ८:०१

शंका रास्त आहे, विचारलीस ते बरं केलंस. गार द लियों पॅरिसमध्येच आहे. तिथून लियोंकडच्या गाड्या सुटतात म्हणून ते नाव. लियों शहरातली स्टेशनं वेगळी, पार-दिय्यू आणि पेराश. टीजीव्ही बहुतेक पार-दिय्यूला थांबतात.

नावावर जाऊ नये याचं मला पटलेलं उदाहरण बुडापेस्टचं. ‘केलेती’ म्हणजे पूर्वेचं, ‘न्युगाती’ म्हणजे पश्चिमेचं. व्हिएन्ना बुडापेस्टच्या पश्चिमेला, पण व्हिएन्नाहून येणाऱ्या मोठ्या गाड्या केलेतीला येतात! दिशा पाहून स्टेशन ठरवणारा तिथे हमखास चुकतो. आणि फ्रँकफुर्ट तर जर्मनीत दोन आहेत. एक माइन नदीवरचं आणि दुसरं ओडर नदीवरचं, पार पोलंडच्या सीमेला. तिकिटावर कंसात काय लिहिलंय ते वाचलंच पाहिजे.

एका शहराला इतकी स्टेशनं का, असं मला लोक विचारतात. लंडनला १८४६ साली एका शाही आयोगाने ठरवलं की रेल्वे शहराच्या मध्यभागात आणायच्या नाहीत. मग प्रत्येक कंपनीचं स्टेशन शहराच्या कडेकडेने उभं राहिलं. ती जोडायला १८६३ साली पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन भुयारी रेल्वे आली. पॅरिसलाही प्रत्येक कंपनीने आपल्या दिशेचं टोक बांधलं. उत्तरेकडून येऊन दक्षिणेकडे जाणाऱ्याला आजही शहर ओलांडावं लागतं ते त्यामुळेच.

ग्रंथालयवाल्या काकू, ८:१४

अण्णा, आपल्याकडेही हेच की! मुलीच्या लग्नाआधी नागपूरचे दीर-जाऊ मुंबईला यायचे होते. तिकिटावर ‘एलटीटी’ होतं, फोनवर ते नुसतं ‘मुंबईला पोचतो’ म्हणाले. आमचे हे पहाटे साडेपाचला सीएसएमटीच्या तक्त्याखाली उभे आणि ती दोघं कुर्ल्याला लोकमान्य टिळक टर्मिनसवर ट्रंकेवर बसून. मोबाइल एकाकडेच होता आणि त्याचंही चार्जिंग संपलेलं. अडीच तासांनी भेट झाली तेव्हा जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हापासून मी शहराचं नाव विचारतच नाही, स्टेशन विचारते. वांद्रे टर्मिनस, दादर, मुंबई सेंट्रल, पनवेल, सगळी ‘मुंबई’च म्हणून सांगतात लोक.

जर्मनीतून, ८:२०

मी आता मंडळात नाही, पण यादीवर आहे म्हणून लिहितो. कोलोनचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण त्या दिवशी तुम्हाला घ्यायला मीच आलो होतो. चूक स्टेशनाची नव्हती. अर्ध्या तिकिटांवर ‘कोलोन हाउप्टबानहोफ’ होतं आणि अर्ध्यांवर ‘कोलोन मेस-डॉइट्झ’. डॉइट्झ ऱ्हाइनच्या पलीकडच्या काठावर आहे, मध्ये एक पूल, लोकलने एकच स्टेशन. काही आयसीई (जर्मनीच्या वेगवान गाड्या) फक्त तिथेच थांबतात. ते कोणी वाचलं नाही, एवढंच.

‘हाउप्टबानहोफ म्हणजे मुख्य, तिथेच उतरायचं’ हेही नेहमी खरं नाही. कासेलला आयसीई १९९१ पासून विल्हेल्म्सह्योहेला थांबतात. मुख्य स्टेशनाचं नाव मुख्यच राहिलं, पण लांब पल्ल्याच्या गाड्या दुसरीकडे गेल्या.

खजिनदार, ८:४५

कोलोनची तिकिटं मी काढली नव्हती, हे नोंदवून ठेवा. तेव्हा दोघांनी दोन ठिकाणांहून काढली म्हणून तो घोळ झाला. या वेळी सगळी तिकिटं एकाच ठिकाणाहून, माझ्याकडूनच निघतील. कृपया कोणी स्वतंत्र काढू नयेत, स्वस्त मिळाली तरीही.

लीलला दोन स्टेशनं आहेत हे कोणी लिहिलं नाही. लील युरोप आणि लील फ्लांद्र, चालत पाच-दहा मिनिटांवर. दक्षिणेकडच्या टीजीव्ही कधी एकातून, कधी दुसऱ्यातून सुटतात. मी दोनदा फोन करून विचारलं. आपली गाडी लील युरोपहूनच आहे.

नाना, ९:०२

लील युरोपहून आहे, ठीक. पण एक गोष्ट कोणीच धरली नाही. पॅरिस शेवटचं स्टेशन असतं, गाडी तिथे संपते. सावकाश उतरा, कोणी घाई करत नाही. लील मधलं स्टेशन आहे. गाडी पुढे ब्रसेल्सला जायची, थांबणार जेमतेम काही मिनिटं. २१ माणसं, २१ बॅगा, त्यात गुडघेदुखीची माणसं. एखादा आत राहिला तर सरळ ब्रसेल्सला पोचेल. माईंना फाटक दिसतं, मला ते दार दिसतंय.

माई, ९:१८

नाना, हे खरंच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पण यावर उपाय आहे. फाटकावर नाही. लीलच्या पंधरा मिनिटं आधी सगळ्यांनी बॅगा काढून दाराशी आणायच्या. दोन डबे, दोन दारं. प्रत्येक दाराशी एक तरणा माणूस आधी उतरून बॅगा घेणार, एक जण आतून देणार, ज्येष्ठ मंडळी मधून उतरणार. मी पूर्वी शाळेच्या सहली नेल्या आहेत, चाळीस मुलं अशीच उतरवली आहेत. मुलं ऐकत नाहीत, आपण ऐकू.

सहल समिती, ९:३०

नाना, माई, दोघांचेही मनापासून आभार. अजून एक : आव्हिन्योंला कुठे उतरायचं? हॉटेल तटबंदीच्या आत आहे.

अण्णा, ९:४१

आव्हिन्योंलाही दोन आहेत. ‘सेंत्र’ जुनं स्टेशन, तटबंदीच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की वेशीतून आत. ‘टीजीव्ही’ स्टेशन २००१ मध्ये वेगवान मार्ग झाला तेव्हाचं, गावाबाहेर. थेट गाड्या बहुतेक टीजीव्हीलाच येतात. दोन्ही स्टेशनांमध्ये छोटी गाडी धावते, पाचेक मिनिटांत पोचवते. टॅक्सी शोधत बसण्यापेक्षा ती बरी.

ग्रंथालयवाल्या काकू, ९:४४

मग तिकीट सेंत्रपर्यंतचंच काढा. तिथे पुन्हा यंत्राशी झुंजायला नको.

खजिनदार, १०:०५

विचारलं. सेंत्रपर्यंत एकच तिकीट मिळतं. तसंच मागितलं आहे.

नवीन सभासद (विद्यार्थी), १०:१२

दाराशी आधी उतरणाऱ्यांमध्ये माझं नाव घाला.

नाना, १०:२०

दुसऱ्या दाराशी मी. बॅगा घेईन. लील चालेल.

सहल समिती, १०:५२

ठरलं. जाताना सेंट पॅनक्रस – लील युरोप – आव्हिन्यों टीजीव्ही – आव्हिन्यों सेंत्र. पासपोर्ट तपासणी सेंट पॅनक्रसलाच होते, त्यामुळे लीलला त्यासाठी पुन्हा रांग नाही. परतताना मात्र लीलला चढण्याआधी तपासणी आहे, तेव्हा परतीला तिथे जास्त वेळ धरला आहे.

आपल्या माणसांना फोनवर ‘लील’ किंवा ‘आव्हिन्यों’ एवढंच सांगू नका, चारही नावं पूर्ण लिहून पाठवा. लील युरोपच्या फलाटावर अक्षरांच्या पाट्या असतात. आपला डबा कोणत्या अक्षरापाशी येणार ते तक्त्यावर दिसतं, गाडी येण्याआधी त्या पाटीखाली उभं राहायचं.

खजिनदार, ११:३८

२१ तिकिटं निघाली. डबे १५ आणि १६. माई, दाराची यादी तुम्ही करा.

माई, ११:४१

करते. १५ मध्ये नाना, १६ मध्ये तो मुलगा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मला आज नाही, उद्या सकाळी फोन करा.