ड्रुइडच्या वाइल्ड शेपचे नियम सोपे करायचे आहेत, सल्ला हवा

रानवाटा

नमस्कार. घरच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून पात्रं वठवायचा खेळ खेळणारा आमचा छोटा गट आहे आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, मी असते. पुस्तकं २०१४ ची, म्हणजे पाचव्या आवृत्तीची पहिली. माझी अकरावीतली भाची नुकतीच आमच्यात आली आणि तिने ड्रुइड (निसर्गाचे मंत्र टाकणारं पात्र) घेतला, त्यातला प्राण्याच्या रूपात लढणारा प्रकार, सर्कल ऑफ द मून. सगळे आत्ता तिसऱ्या लेव्हलला आहेत.

तिला प्राणी व्हायचंय, म्हणजे वाइल्ड शेप. मंत्रबिंत्र ठीक, पण खरा जीव त्यातच. अडचण तिची खेळायची पाळी आली की सुरू होते. मॉन्स्टर मॅन्युअल हे प्राण्या-राक्षसांचं पुस्तक उघडायचं, चॅलेंज रेटिंग (प्राणी किती ताकदवान ते) बघायचं, पोहणारा चालतो का, उडणारा चालतो का ते तपासायचं. मग स्ट्रेंथ (ताकद), डेक्स (चपळाई), कॉन (काटकपणा) प्राण्याचे. इंटेलिजन्स, विज्डम, करिष्मा स्वतःचे. कौशल्यांत दोघांपैकी कोणाचा आकडा मोठा ते पाहायचं. हिट पॉइंटचे, म्हणजे किती इजा सोसता येते त्याचे, दोन रकाने. तोवर बाकीचे मोबाइल काढून बसतात, ती हिरमुसते आणि म्हणते, "जाऊ दे मावशी, मी काठीनेच मारते."

दुसरा क्लास (पात्राचा प्रकार) द्या असा सल्ला कृपया नको. यातलं काय काढून टाकलं तर खेळ हलका होईल आणि तरी ड्रुइड ड्रुइडच राहील, हे हवंय. २०२४ चं नवं पुस्तक यासाठी घ्यावं का? दुसऱ्या खेळांतल्या कल्पनाही चालतील.

तिसरा_फासा

सगळ्यात आधी मॉन्स्टर मॅन्युअल तिच्या हातून काढून घ्या. खेळ चालू असताना ते पुस्तक फक्त डीएमपाशी. तिला प्राण्यांची कार्डं द्या, सुरुवातीला तीन किंवा चार. कार्डावर तयार आकडे हवेत, तिला टेबलावर एकही बेरीज करावी लागू नये.

उदाहरणार्थ लांडगा. एसी (हल्ला लागण्यासाठी समोरच्याला गाठावा लागणारा आकडा) १३. वेग ४० फूट. चावा +४ (फाशात मिळवायचे), इजा २डी४+२ (चार बाजूंचे दोन फासे अधिक २), लागला तर समोरच्याने ११ ची स्ट्रेंथ सेव्ह करायची, म्हणजे फासा अधिक स्ट्रेंथ मिळून ११ तरी यायला हवेत, नाही जमली तर तो आडवा. शत्रूच्या शेजारी आपला भिडू असेल तर हल्ल्याला अॅडव्हान्टेज, म्हणजे दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा. वास आणि आवाज यांच्या पर्सेप्शनला अॅडव्हान्टेज. संपलं. पुस्तकातलं बाकी काही तिला लागत नाही.

कौशल्यं आणि सेव्ह घरी बसून तुम्ही काढा आणि फक्त शेवटचा आकडा कार्डावर लिहा. पर्सेप्शन (चाहूल लागणं), स्टेल्थ (लपणं), अॅथलेटिक्स आणि कॉन सेव्ह एवढे चार पुरतात. बाकी कधी लागलंच तर तिच्या नेहमीच्या पानावरचा आकडा वापरा. थोडी चूक होईल, पण त्यापायी खेळ थांबवणं परवडत नाही.

प्राणी निवडताना कामं वाटून घ्या. एक भिडणारा, एक चढणारा किंवा लपणारा, एक पळणारा. मून ड्रुइडला दुसऱ्या लेव्हलपासून चॅलेंज रेटिंग १ पर्यंत जाता येतं, त्यामुळे भिडायला तपकिरी अस्वल किंवा डायर वुल्फ (मोठा लांडगा). पळायला घोडा, ६० फूट.

आणखी एक. आधी पाहिलेल्याच प्राण्याचं रूप घेता येतं हा नियम बरेच जण सोडून देतात. तो नक्की ठेवा. खेळात नवा प्राणी भेटला की पुढच्या वेळी त्याचं कार्ड तिच्या हातात. पर्याय मोजके राहतात आणि प्रत्येक प्राण्यामागे तिची एक आठवण असते.

नदीकाठ

कार्डांना +१. पण खरी गुंतागुंत हिट पॉइंटमध्ये आहे आणि ती कार्डांनी सुटत नाही.

२०१४ च्या नियमात रूप घेतलं की प्राण्याचे हिट पॉइंट वेगळे मिळतात. ते शून्यावर आले की मूळ रूप, आणि उरलेली इजा ड्रुइडच्या अंगावर. अस्वलाचे ५ शिल्लक असताना १२ ची इजा झाली तर ७ तिला. हा हिशोब ऐन मारामारीत नवख्या मुलीने करायचा. शिवाय बेरीज बघा. कॉन +२ धरला तर तिसऱ्या लेव्हलच्या ड्रुइडचे सरासरीने २४ हिट पॉइंट. अस्वलाचे ३४, आणि रूप दोनदा घेता येतं, म्हणजे आणखी ६८. एकूण ९२. त्याच लेव्हलच्या, तेवढाच कॉन असलेल्या फायटरचे, म्हणजे योद्ध्याचे, २८. छोटी विश्रांती झाली की ते ६८ पुन्हा भरून मिळतात. यात फायटरवाल्याला काय वाटत असेल? आणि डीएमने मारामारी कोणाच्या मापाने बेतायची?

२०२४ च्या पुस्तकाने हे मुळापासून बदललंय. हिट पॉइंट कायम स्वतःचेच. रूप घेताना ड्रुइडच्या लेव्हलइतके टेंपररी (आधी खर्च होणारे जादा) हिट पॉइंट मिळतात, मून असेल तर लेव्हलच्या तिप्पट. तिसऱ्या लेव्हलला ९. ते संपले तरी रूप उतरत नाही. रूप जातं ते मुदत संपल्यावर, पुन्हा वाइल्ड शेप वापरल्यावर, इनकॅपॅसिटेटेड (काहीच करता न येण्याजोगी) झाल्यावर किंवा मेल्यावर; बोनस अॅक्शनने (पाळीतल्या जादा छोट्या कृतीने) आपण होऊनही सोडता येतं. एकच रकाना, एकच वजाबाकी.

आता ९ टेंपररी हिट पॉइंट घेऊन ११ एसीचं अस्वल पुढच्या फळीत उभं राहिलं तर लगेच कोसळेल, म्हणून मूनला एसीही दिलाय: १३ अधिक विज्डमचा मॉडिफायर, प्राण्याचा त्याहून जास्त असेल तर प्राण्याचा. विज्डम +३ असेल तर १६. हे दोन्ही बदल एकत्रच घ्या. नुसते हिट पॉइंट कापलेत तर भाचीवर अन्याय होईल.

पुस्तक विकत घेण्याबद्दल: त्याआधी एसआरडी ५.२ (खेळाच्या मूळ नियमांचा खुला दस्तऐवज) उतरवून घ्या. २०२५ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या परवान्याखाली खुला झाला, मोफत आहे आणि मूळ वाइल्ड शेपचा नवा नियम त्यात पूर्ण आहे. मूनचा भाग त्यात नाही, पण तुम्हाला लागणारं मी वर लिहिलंच आहे. एवढ्यासाठी पुस्तक घेऊ नका.

घाटमाथा

मी आणखी पुढे जाईन. प्राण्यांचे वेगवेगळे आकडे हवेतच कशाला? पाथफाइंडर या अशाच वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत अॅनिमल फॉर्म मंत्राने कोणताही प्राणी झालात तरी एसी, टेंपररी हिट पॉइंट आणि हल्ल्याचा आकडा एकच. सुरुवातीला ५ टेंपररी हिट पॉइंट, हल्ला +९, एसी १६ अधिक लेव्हल. अस्वल, बैल, हरीण, साप, शार्क यांत फरक फक्त वेगाचा आणि दात-नखं-शिंगांच्या इजेचा. मंत्राची रँक (पातळी) वाढली की सगळ्यांचे आकडे एकदम वाढतात. हे आकडे मात्र जसेच्या तसे पाचव्या आवृत्तीत आणू नका, तिथलं गणितच वेगळं आहे. रचना घ्या.

पाचव्या आवृत्तीतही नमुना तयार आहे. ‘टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या २०२० च्या पुस्तकातला प्राणी बोलावणारा समन बीस्ट मंत्र बघा. जमीन, पाणी, हवा असे तीन प्रकार, एकच स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता), हल्ला मंत्र टाकणाऱ्याच्या आकड्याने. भाचीला तो एक ब्लॉक द्या आणि कुठलाही प्राणी हो म्हणावं.

काजवा

घाटमाथा, मला हे पटत नाही, आणि कारण ताजं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या नियमांच्या चाचणीत ड्रुइडला असेच साचे दिले होते: जमिनीवरचा प्राणी, पाण्यातला, आकाशातला. नियम अगदी आटोपशीर होते. खेळणारे नाराज झाले, कारण लांडगा आणि अस्वल कागदावर एकच झाले. शेवटी २०२४ च्या पुस्तकात खऱ्या प्राण्यांचे स्टॅट ब्लॉक परत आले आणि त्याऐवजी रूपांची संख्या बांधली गेली: दुसऱ्या लेव्हलला चार, चौथ्याला सहा, आठव्याला आठ. म्हणजे तिसरा_फासा यांची कार्डंच. लांब विश्रांतीनंतर एक रूप बदलता येतं.

हा प्रश्न जुनाच आहे. ३.५ या आवृत्तीत वाइल्ड शेप इतका किचकट होता की २००६ च्या प्लेअर्स हँडबुक २ मध्ये मोजक्या ठरावीक रूपांचा पर्यायी ड्रुइड द्यावा लागला. २००९ ला चौथ्या आवृत्तीने दुसरं टोक गाठलं. रूप बदललं तरी एकही आकडा बदलायचा नाही, फक्त कोणत्या पॉवर (पात्राच्या ठरावीक चाली) वापरता येतात ते बदलायचं. मला ती कल्पना अजूनही सुंदर वाटते, कारण प्राणी काय करू शकतो यावर तिथे भर होता.

त्यामुळे माझा सल्ला मधला आहे. एसी आणि हिट पॉइंट नदीकाठ म्हणतात तसे सगळ्या रूपांना सारखे करा. पण प्रत्येक प्राण्याची स्वतःची एक करामत अजिबात काढू नका. लांडगा आडवं पाडतो, अजगर आवळतो, बिबट्या झेप घेतो. अकरावीतली मुलगी "मला प्राणी व्हायचंय" म्हणते तेव्हा तिला हेच हवं असतं. ते काढून टाकलं तर उरतो नखं असलेला फायटर.

सायसाखर

मारामारीबाहेरच्या रूपांचं कुणीच बोललं नाही. तिथे आकडेच नकोत.

डंजन वर्ल्ड या दुसऱ्या खेळातला ड्रुइड बघा. रूप घेताना दोन फासे अधिक विज्डम टाकायचे. १० किंवा वर आलं तर तीन होल्ड (खर्चायचे गुण), ७ ते ९ ला दोन, त्याखाली एक आणि वर डीएम काहीतरी विपरीत घडवणार. मग डीएम त्या प्राण्याच्या चाली सांगतो. घुबड असेल तर "आवाज न करता उडणं", "अंधारात बारीक हालचाल टिपणं". चाल केली की एक होल्ड खर्च, ती हमखास जमते. होल्ड संपले की माणूस. स्टॅट ब्लॉक कुठेच नाही.

अख्खा खेळ बदलू नका, एवढंच उचला. उंदीर, मांजर अशा रूपांना तसेही एकदोनच हिट पॉइंट असतात, त्यांचं कार्ड करून काय मिळणार? ती उंदीर होऊन किल्ल्यात शिरली की तिलाच विचारा, उंदराला काय काय जमतं? तीन गोष्टी ती सांगेल, त्या जमल्या. चौथ्या वेळी धोका. नवीन मुलं यात फार खुलतात, कारण उत्तर पुस्तकात शोधायचं नसतं.

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. असं ठरवतेय: लढाईसाठी तीन कार्डं, हिट पॉइंट आणि एसी २०२४ प्रमाणे, प्रत्येक कार्डावर एक करामत, आणि लढाईबाहेर सायसाखर यांची पद्धत. फायटरवाल्याला ९२ चा हिशोब दाखवला, तो लगेच तयार झाला.

आमची मोहीम सह्याद्रीसारख्या जंगलात चालू आहे, म्हणून तिला बिबट्या, अजगर आणि घोरपड हवेत. जमतील? आणि हे राहिलंच: रूपात असताना आधीच्या मंत्राचं कॉन्सन्ट्रेशन (मंत्र चालू ठेवायला लागणारं लक्ष), अंगावरचं सामान, आणि मुदत, यांचं काय करू?

तिसरा_फासा

बिबट्याला पँथरचा ब्लॉक तसाच लागू. वेग ५०, चढण्याचा वेग ४०, पंजा +४, इजा १डी४+२. करामत: सरळ २० फूट धावून पंजा मारला आणि लागला तर १२ ची स्ट्रेंथ सेव्ह, हुकली तर शत्रू आडवा आणि बोनस अॅक्शनने चावा. घोरपडीला जायंट लिझार्ड घ्या, चढण्याचा वेग ३०, चावा +४, १डी८+२. त्याच्याकडे करामत नाही, तुम्हीच द्या. भिंतीला घट्ट चिकटलेली असताना तिला कोणी ओढून काढू शकत नाही, एवढी पुरेशी आहे.

अजगर मात्र आत्ता नाही. त्याला पोहण्याचा वेग आहे आणि चौथ्या लेव्हलआधी तो चालत नाही, मूनलासुद्धा. मून फक्त चॅलेंज रेटिंगची मर्यादा वाढवतो. तोवर तिसरं कार्ड अस्वलाचं ठेवा, आणि अजगर तिला जंगलात आत्ताच भेटू द्या.

नदीकाठ

कॉन्सन्ट्रेशन चालू राहतं, नवा मंत्र टाकता येत नाही. इजा झाली की १० किंवा इजेच्या निम्मे, जे जास्त असेल त्याची कॉन सेव्ह, आणि कॉन प्राण्याचा: अस्वलाचा +३, पँथरचा शून्य. हा आकडा कार्डावर ठळक लिहा, दर मारामारीत लागतो.

सामान: नियमात ते खाली पडतं, अंगात विरघळतं किंवा प्राणी ते घालतो असे तीन पर्याय आहेत. तुम्ही कायम विरघळतं म्हणा. विरघळलेल्या सामानाचा रूपात असताना काही उपयोग नाही.

मुदत लेव्हलच्या निम्मे तास, म्हणजे आत्ता एक तास. घड्याळ लावू नका. एक प्रसंग किंवा एक छोटी विश्रांती, जे आधी येईल ते. मूनला मंत्राचा स्लॉट (मंत्र टाकायची एक संधी) खर्चून दर स्लॉट लेव्हलला १डी८ बरं होता येतं, ते राहू द्या, आता ते सरळ तिच्या स्वतःच्या हिट पॉइंटमध्ये जमा होतील. फक्त छोट्या विश्रांतीत दोनऐवजी एकच वापर परत द्या, २०२४ मध्ये तसंच आहे.

रानवाटा

छान. कार्डं लिहायला तिलाच बसवते. चित्रंही तीच काढणार आहे.