आईच्या काळ्या मशीनवर फ्लेमिंगो भरता येईल का?

खणाची_पिशवी, कळवा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे आईचं जुनं काळं उषा पायमशीन आहे. सरळ शिलाईशिवाय त्याला काही येत नाही, पण चालतं अगदी हलकं. मी त्यावर खणाच्या पिशव्या आणि पर्स शिवते, ओळखीपाळखीत विकल्याही जातात. आता त्यांवर माझी स्वतःची चित्रं भरायची आहेत. नेरूळला चाणक्यच्या पाणथळीवर फ्लेमिंगो बघायला जाते तेव्हा वहीत रेखाटनं करते. मान वळवून पिसं साफ करणारे, एका पायावर उभे, चिखलात चोच घालून चाललेले. तेच कापडावर उतरावेत असं फार वाटतं. बाजारातली तयार गुलाबाची वेल नको आहे.

मशीन दुरुस्तीवाले म्हणाले, यावर भरतकाम होत नाही, हे देऊन टाका आणि कॉम्प्युटर मशीन घ्या. पैसे हळूहळू जमवीन, त्याचं काही नाही. पण खरंच या मशीनवर काहीच होणार नाही का? आणि खणावर भरलेलं टिकतं का?

कोपरखैरणेची_काकू

अगं, ते मशीन अजिबात देऊ नकोस! माझं निम्मं आयुष्य अशाच मशीनवर ब्लाऊजच्या बाह्या भरण्यात गेलंय, आणि आजही हात त्यावरच खुलतो.

भरतकामाला लागतं काय? सुई खाली-वर व्हायला हवी आणि कापड हवं तिकडे फिरायला हवं. पहिलं काम तुझं मशीन करतंच. दुसऱ्याच्या आड येतात ते फक्त सुईखालचे दाते, कारण ते कापड मागे ढकलतात. काही मॉडेलांना दाते खाली घ्यायची सोय असते. तुझ्याला नसेल तर दात्यांवर बसणारी पातळ प्लेट मिळते, शिवणसामानाच्या दुकानात मशीनचं मॉडेल सांगून माग. ती बसव, टाक्याची लांबी शून्यावर आण आणि फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, काढून टाक. झालं तुझं भरतकामाचं मशीन. सुई म्हणजे एका जागी उभं राहिलेलं पेन, कागद तू फिरवायचा.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव. फूट काढलं तरी मागची फूट वर-खाली करायची दांडी खाली पाडायचीच. ती वर राहिली की वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही आणि कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं. मग लोक मशीनला बोल लावतात, ‘भरतकाम होत नाही’ म्हणतात.

रिंग हाताच्या भरतकामाच्या उलट लावायची. मोठी रिंग खाली, तिच्यावर कापड, वरून छोटी रिंग आत दाबायची, म्हणजे कापड मशीनच्या पाटाला टेकून राहतं. रिंग पातळ घे, जाड असेल तर सुईखालून सरकत नाही. आतल्या रिंगेला सुती पट्टी गुंडाळ, कापड घसरत नाही. ताण असा हवा की बोटाने टिचकी मारली तर आवाज आला पाहिजे. बोटं कायम रिंगेच्या कडेला, आत कधीच नाही.

सुई 11 किंवा 14 नंबर. वर रेयॉनचा भरतकामाचा दोरा, बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या छोट्या रिळात, साधा बारीक. वरचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, किंचित सैल ठेवलंस की वरचा दोरा मागे ओढला जातो आणि पुढून रंग भरगच्च दिसतो. सुरुवातीला चाक हाताने एकदा फिरवून बॉबिनचा दोरा वर काढ, दोन्ही टोकं धरून जागच्या जागी तीन-चार टाके घाल, मग टोकं काप.

आता वेगाचं गणित. टाका किती लांब पडणार हे मशीन ठरवत नाही, तुझा पाय आणि तुझा हात मिळून ठरवतात. पाय जलद आणि हात सावकाश असेल तर बारीक, घट्ट टाके. हात पुढे पळाला आणि पाय मागे राहिला तर लांब टाके, सुई वाकते, कधी मोडते. म्हणूनच मला पायमशीन आवडतं. पाय अगदी हळू केला तर एकेक टाका मोजून घालता येतो.

तुझ्या फ्लेमिंगोची मान एका दमात, साध्या धावत्या टाक्याने काढ, अगदी वहीत काढतेस तशी. त्याच रेषेवरून पुन्हा दोन-तीनदा जा. रेषा तंतोतंत एकमेकींवर बसल्या नाहीत तरी चालेल, त्या थरथरीनेच मान जिवंत दिसते. पंख मात्र भरायचे. त्यासाठी रिंग डावी-उजवी झुलवायची आणि टाके पिसांच्या दिशेने पडू द्यायचे. पाठीकडे फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरा, पंखाकडे गडद. दोन रंगांच्या सीमेवर टाके लांब-आखूड ठेव म्हणजे रंग एकमेकांत मिसळतात. वाकलेल्या चोचीचं टोक काळं. ते सगळ्यात शेवटी आणि अगदी थोडं.

पायांसाठी एक वेगळा प्रकार सांगते. बॉबिनवर जाड सुती दोरा हाताने गुंडाळ, बॉबिन ज्या डबीत बसते त्या बॉबिन केसचा छोटा स्क्रू थोडा सैल कर आणि कापड उलटं लावून मागून शिव. जाड दोरा सुलट बाजूला उठावदार बसतो. आम्ही याला केबल म्हणतो. काड्यांसारखे पाय त्यात फार छान येतात.

खणाबद्दल माझं स्पष्ट मत आहे. खणावर बुट्टे विणलेलेच असतात, त्यांच्यावर बारीक काम केलंस तर बुट्टाही मरतो आणि पक्षीही. साध्या सुती कापडावर फ्लेमिंगो भर, आकारात काप आणि खणावर पॅच म्हणून बसव. नाहीतर खण काठाला ठेव आणि मधला भाग सुती घे. टिकायचं म्हणशील तर पिशवीच्या कापडामागे फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावून भर, कापड चुणत नाही.

रेघा_आणि_टाके, घणसोली

काकूंशी पूर्ण सहमत, आणि माझ्याकडे कॉम्प्युटर मशीन असूनही हे सांगतोय.

माझ्या मशीनची रिंग 100 बाय 100 मिलिमीटर आहे. त्याहून मोठं चित्र असेल तर तुकडे पाडून जुळवावं लागतं. आणि चित्र दिलं की मशीन आपोआप भरतं असं मुळीच नाही. आधी त्याचं डिजिटायझिंग करावं लागतं, म्हणजे कुठला भाग आधी, टाके कुठल्या दिशेने, किती दाट, हे सगळं आपणच ठरवायचं. टाके कापडाला आत ओढतात, त्यामुळे पडद्यावरचा गोल कापडावर लंबगोल होतो. त्याची भरपाई आधीच करून ठेवावी लागते. शिकायचं असेल तर इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरवर चालणारं इंक/स्टिच मोफत आहे, मशीन नसतानाही वापरून बघता येतं. मला त्याचा उपयोग झाला तो टाक्यांच्या दिशेचा विचार करायला.

एक सारखंच चिन्ह पन्नास पिशव्यांवर हवं असेल तर कॉम्प्युटर मशीनला तोड नाही. पण प्रत्येक पक्षी वेगळा हवा असेल तर तुमचा हात जास्त लवकर पोचेल.

मला स्वतःला भारी वाटलेली गोष्ट म्हणजे यामागचं तत्त्व फार जुनं आहे. 1828 मध्ये फ्रान्समधल्या म्यूलूझला जोशुआ हाइलमान याने भरतकामाचं यंत्र बनवलं. त्यात चौकटीवर ताणलेलं कापड हलायचं, आणि मोठ्या चित्रावरून कारागीर जी रेघ गिरवायचा ती यंत्र लहान करून कापडावर उतरवायचं. 1863 मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीने त्याला शिलाई मशीनसारखी सुई-शटलची जोड दिली. माझ्याकडचं मशीनही कापडच हलवतं, मोटरने. तुमच्याकडे तेच काम हात करतात, आणि हाताला चित्र वाटेत बदलता येतं.

गोधडीवाली, नेरूळ

पिसं पक्ष्यापासून थोडी सुटी, उचललेली हवी असतील तर पाण्यात विरघळणारी फिल्म वापरून पाहा. ती रिंगेत लावायची, तिच्यावर पिसं भरायची आणि कोमट पाण्यात बुडवायची. फिल्म जाते, नुसता दोरा उरतो. फक्त टाके एकमेकांना ओलांडून गेलेले हवेत, जाळीसारखे गुंतलेले, नाहीतर फिल्म गेली की सगळं सुटतं. आधी बाहेरची कड दोनदा शिवायची, मग आडवे-उभे धागे, मग वरचा रंग. वाळली की पिसांची बुडं तेवढी पिशवीला टाचायची, टोकं मोकळी सोडायची. पिसं वेगळी करूनच लाव, खण पाण्यात घालू नकोस. काही खणांचा रंग जातो.

रेयॉनच्या छटांसाठी एकदा भुलेश्वरला चक्कर मार. गुलाबीचे किती प्रकार असतात ते रिळं शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. तुझी वही बरोबर ने.

खणाची_पिशवी, कळवा

काकू, दादा, गोधडीवाली ताई, मनापासून आभार. मशीन राहतंय! प्लेट शोधायला शनिवारी जांभळी नाक्याला जाते.

काकू, एक विचारू? ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात पक्ष्याखाली गुलाबी प्रतिबिंब हलत असतं. ते भरून काढलं तर दुसराच पक्षी दिसेल. ते कसं करू?

कोपरखैरणेची_काकू

छान विचारलंस. भरू नकोस, टेन्शनने कर.

वर गुलाबी दोरा, बॉबिनमध्ये राखाडी-निळा. आता नेहमीच्या उलट, वरचं टेन्शन घट्ट आणि बॉबिनचं थोडं सैल. बॉबिनचा दोरा प्रत्येक टाक्यापाशी ओढला जाऊन वर येतो आणि गुलाबी रेषेवर निळसर ठिपके उमटतात. अशा आडव्या, तुटक रेषा घाल. पक्ष्याच्या पायापाशी जवळजवळ, खाली जाशील तशा विरळ, मध्ये कापड दिसू दे. हात जोरात चालवलास की ठिपके लांब-लांब पडतात, सावकाश चालवलास की निळा रंग गुलाबीला झाकतो. ही चढउतार पाण्याला हवीच असते.

याला वर रेयॉन नको, घट्ट टेन्शनला तुटतो. पॉलिस्टर लाव. तरी तुटायला लागला तर वरचा स्क्रू पाव फेरा सैल कर आणि बॉबिन केसचा तेवढाच आणखी सोड. आधी जुन्या चादरीच्या तुकड्यावर बघ, आणि बॉबिन केसचा स्क्रू मुळात कुठे होता त्याची पेनने खूण करून ठेव, म्हणजे पिशव्या शिवायला बसशील तेव्हा परत जागेवर आणता येईल.