हुशार मुलं पीएचडीकडे वळतच नाहीत, काय करता येईल?

खडूवाली
अमेरिकेत एका छोट्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवते. वर्गात बरीच मुलं कृष्णवर्णीय, लॅटिनो, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. दोन-तीन जण तर खरंच भारी आहेत, पण पीएचडीचं नाव काढलं की अजून पाच-सहा वर्षं फी कुठून भरणार म्हणतात आणि मिळेल ती नोकरी धरतात. नोकरी धरली यात वाईट काहीच नाही पण माहीत असून नको म्हणणं वेगळं आणि माहीतच नसणं वेगळं ना. डिपार्टमेंट म्हणतंय एखादं प्रेरणादायी व्याख्यान ठेवू. मला त्यात काही राम वाटत नाही. कोणी असं काम जवळून बघितलंय का?

रेझिस्टर
व्याख्यानाला टाळ्या पडतात, बाकी काही नाही. आधी फीचं भूत उतरवा. सायन्स-इंजिनिअरिंगच्या पीएचडीला तिथे बहुतेक ठिकाणी ट्यूशन माफ असते, वर टीए (शिकवण्यात मदत) नाहीतर आरए (संशोधनात मदत) म्हणून स्टायपेंड, म्हणजे दरमहा खर्चाचे पैसे, मिळतात, पण घरात कुणी त्या वाटेला गेलेलंच नसेल तर हे कळणार कुठून. आणि दुसऱ्या वर्षापासूनच लॅबमध्ये घुसवा, तेही पगारी. ज्याला संध्याकाळची ड्यूटी करून भाडं भरायचंय त्याला फुकट काम कर अनुभव मिळेल म्हणून सांगण्यात काय अर्थ? एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेचे आरईयू समर प्रोग्रॅम (पदवीच्या मुलांना उन्हाळ्यात संशोधन) स्टायपेंड देतात. मॅकनेअर स्कॉलर्स पण बघा, अशाच मुलांना पीएचडीसाठी तयार करणारा प्रोग्रॅम, १९८६ ला चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघातात गेलेल्या रोनाल्ड मॅकनेअर यांच्या नावाने आहे, ते स्वतः एमआयटीचे फिजिक्समधले पीएचडी.

उगाच_एक
सगळ्यांना पीएचडी कशाला पण? कितीतरी जण तर मधेच सोडतात.

चष्मिश
@उगाच_एक, सोडतात ते का सोडतात हे बघायला नको का? बर्कलीत १९७०च्या दशकात यूरी ट्राइसमन यांनी पदवीच्या मुलांबाबत असंच कारण शोधलं. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मागे का पडतात, तर प्राध्यापकांचे अंदाज ठरलेले, तयारी कच्ची, जिद्द नाही, घरून पाठिंबा नाही. हे गृहस्थ मुलांच्या मागे राहून त्यांचा अभ्यास बघत बसले. चिनी वंशाची मुलं घोळका करून गणितं सोडवायची, एकमेकांच्या चुका काढायची, आणि कृष्णवर्णीय मुलं मेहनत भरपूर करायची पण एकेकटी. मग त्यांनी ग्रुप वर्कशॉप काढलं. गंमत म्हणजे त्यात सोपी उजळणी नाही, उलट जास्त अवघड गणितं! मला हेच सगळ्यात पटतं, बिचारे म्हणून वागवलेलं मुलांना लगेच कळतं. युएमबीसी या मेरीलँडमधल्या विद्यापीठाचा मायरहॉफ प्रोग्रॅम (१९८८) पण तसाच, पहिलं वर्ष सुरू व्हायच्या आधीच उन्हाळ्यात बॅच एकत्र आणतात, पुढे अभ्यासही गटाने.

निवांत
फिस्क आणि व्हँडरबिल्ट या दोन विद्यापीठांचा मास्टर्समधून पीएचडीकडे नेणारा ब्रिज प्रोग्रॅम वाचा, २००४ पासूनचा. मुलं फिस्कमध्ये मास्टर्स करतात पण रिसर्च व्हँडरबिल्टच्या प्रोफेसरांबरोबर होऊ शकतो, त्यामुळे पीएचडीला अर्ज येतो तेव्हा तो मुलगा तिथे अनोळखी नसतो, लॅबमध्ये काय करतो ते लोकांनी बघितलेलं असतं. जीआरई या प्रवेश परीक्षेच्या आकड्यावर निवडायचं म्हटलं तर यातले कितीतरी दारातच अडले असते.

खडूवाली
@चष्मिश वर्कशॉप तर पुढच्या सेमिस्टरलाच करता येईल, त्याला ग्रँट पण लागत नाही! एका मुलीला यंदाच अर्ज करायचाय, तिची रेको (शिफारसपत्र) मीच लिहितेय, त्यात काय असावं?

रेझिस्टर
"मेहनती आहे, माझ्या कोर्सला ए मिळाला" एवढ्यावर थांबू नका, ते ट्रान्सक्रिप्टमध्ये दिसतंच. तिने लॅबमध्ये काय केलं ते लिहा. म्हणजे असं की सेन्सरचं रीडिंग हळूहळू सरकतंय हे तिच्याच लक्षात आलं, तापमानामुळे होतंय हे तिने वेगळं मोजून दाखवलं आणि कॅलिब्रेशन स्वतःहून परत केलं. असा एक प्रसंग दहा विशेषणांना भारी पडतो. आणि अर्जाच्या फीचा वेव्हर (माफी) मागायला लावा, बऱ्याच ठिकाणी मिळतो पण डेडलाइनच्या आधी मागावा लागतो आणि ही मुलं संकोचाने मागतच नाहीत.