मदत हवी आहे: ढिगावरच्या अळंबीच्या छत्र्या केळीला लागतील का?

रावेर-यावलकडच्या भाऊंनो, जरा सांगा. बांधावर केळीच्या कापलेल्या खांबांचा ढीग आहे. परवाच्या पावसानंतर त्यावर रात्रीतून छत्र्या उगवल्या. पोरगी नववीत आहे. म्हणते, ही वनस्पतीच नाही. हरितद्रव्य नाही, पेशीभित्तिका कायटिनची, म्हणजे खेकड्याच्या कवचात असतं तेच! वरची छत्री फक्त बीजाणू उधळायला, खरी बुरशी आत धाग्यांत पसरलेली. (काठीने उकरलं, पांढरे धागे खरंच निघाले.) एवढं पटलं. पण करप्याची (केळीच्या पानावरच्या रोगाची) बुरशी जिवंत पानात शिरते, मग ही मेलेल्या खांबावरच का जगते? उभ्या बागेला लागेल का? नसेल तर ढीग खतासाठी कुजू देतो. माय म्हणते, जाळून टाक.