नांगर तळाला लागणं आणि रुतणं

होडीच्या नांगराबद्दल कुणीतरी म्हणतं, 'जड नांगर घ्या, बाकी काही बघायला नको.' नाही पटलं. वजनापेक्षा ओढ आडवी बसते का, ते महत्त्वाचं. दोर आखूड असला की नांगर वर उचकतो आणि पाचदहा किलोचा असला तरी फरफटत येतो.

आम्ही सोलापूरकर, समुद्र लांब. आमचं सगळं शिक्षण उजनी धरणाच्या फुगवट्यावर. चार मीटर पाणी असेल तर निदान वीस मीटर दोर सोडायचा, वारा असेल तर अठ्ठावीस. नांगराजवळ दोनतीन मीटर साखळी हवीच, तिच्या वजनानं ओढ तळालगत राहते. नांगर फेकायचा नाही, हळूच सोडायचा, होडी वाऱ्यानं मागं सरू द्यायची, मग दोर बांधून इंजिन हळू उलटं चालवायचं.

आता खरी परीक्षा, नांगर रुतलाय की नुसता तळाला लागलाय. ताणलेल्या दोरावर नुसते बोटांचे शेंडे ठेवा. थरथर, धक्के जाणवले तर नांगर घसरतोय. दोर गप्प, ताठ असेल तर धरलंय. तरी काठावरची बाभूळ आणि तिच्यामागचा विजेचा खांब एका रेषेत धरून दहा मिनिटं बघा. रेषा मोडत चालली की उचला, पुन्हा टाका. (मी एकदा डबा उघडून बसलो, भाकरी संपेस्तोवर होडी जाळ्यांच्या बोयांत!)

आणखी एक, धरणात बुडालेल्या जुन्या भिंती, खोडं आहेत. त्यात अडकलेला नांगर 'घट्ट बसला' असं वाटतं, पण निघताना रडवतो. नांगराच्या मागच्या टोकाला वेगळी बारीक दोरी बांधून तिला तरंगता रिकामा कॅन लावा, ती दोरी ओढली की नांगर उलटा सुटतो.