लंडनमध्ये पर्यावरण कायद्याची बॅरिस्टरी: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यात राष्ट्रीय हरित लवादापुढे काही वर्षं वकिली केली, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे लंडनला आले आहे. इथे बॅरिस्टर व्हायचं मनात आहे, तेही प्लॅनिंग (बांधकाम आणि जमीनवापराच्या परवानग्या) आणि पर्यावरण कायद्यातच. २०२४ चा फिंच खटला वाचला आणि डोक्यात घोळत राहिला. सरे काउंटीने तेलविहिरींना दिलेली परवानगी सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली, कारण ते तेल पुढे जाळल्यावर होणारं उत्सर्जन परिणामांच्या मूल्यांकनात धरलंच नव्हतं. असं काम करायला मिळालं तर आणखी काय हवं!

परदेशी वकिलांना बार स्टँडर्ड्स बोर्डाकडून (बॅरिस्टरांची नियामक संस्था) काही सवलत मिळू शकते, एवढं कळलंय. पण माझी खरी अडचण आहे ती प्युपिलेजची, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखाली करायच्या प्रशिक्षणाची. जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर. लवादापुढच्या अनुभवाला चेंबर्स (बॅरिस्टरांची सामायिक कार्यालयं) किंमत देतात का, की इथे पुन्हा श्रीगणेशा? प्युपिलेजमधून सूट मागावी, की पूर्ण बारा महिने केलेलेच बरे? मला तरी दुसरं पटतं. इथे परवानगीला आव्हान द्यायला जेमतेम सहा आठवडे मिळतात, ही घाई शेजारी बसूनच शिकता येईल.

आणि हो, बहुतेक बॅरिस्टर स्वयंरोजगारी असतात, म्हणजे दरमहा पगार नाही. प्लॅनिंगवाल्यांचं पोट बिल्डरांच्या कामावर आणि मन गावकऱ्यांच्या बाजूने, असंच असतं का? कुणी या क्षेत्रात असेल किंवा ओळखीचं असेल तर कृपया सांगा. इनबॉक्समध्ये लिहिलंत तरी चालेल.