'फेअरी सर्कल'ला मराठीत काय म्हणाल?

कोरडवाहू:
मुलांच्या मासिकासाठी नामिबियावरचा एक लेख मराठीत आणते आहे. नामिब वाळवंटाच्या कडेला, जिथे जेमतेम गवत तगतं, तिथे लाखोंनी उघडे गोल दिसतात. दोन मीटरपासून दहा-बारा मीटरपर्यंत रुंद. आत काडी नाही, आणि काठाचं गवत मात्र बाकीच्यापेक्षा उंच. इंग्रजीत फेअरी सर्कल. मी 'परीची रिंगणं' लिहिलं. संपादकांनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले, 'रिंगण कसं?' तेव्हापासून अडकले आहे. खरंच चुकतंय का?

बोरीबाभळी:
संपादक बरोबर आहेत. रिंगण म्हटलं की कड आली. वारीतलं आठवा, अश्व धावतो ती गोल वाट म्हणजे रिंगण. तुमच्याकडे कडेपेक्षा मधलं बोडकेपण महत्त्वाचं. डोक्यावर रुपयाएवढे केस गेले की आपण 'चाई पडली' म्हणतो ना? ही माळाला पडलेली चाई.

शेंदाड:
मुलांच्या मासिकात चाई! माझ्या भावाला चौथीत पडली होती. वर्ष संपेपर्यंत वर्ग त्याला 'रुपया' म्हणत होता. त्यापेक्षा परी बरी.

व्याकरणकाका:
परी फारसी आहे. आपल्याकडे अप्सरा आहे, तिचीच लोकांच्या तोंडी आसरा झाली. 'अप्सरामंडल' म्हणावे. नादही आहे, अर्थही आहे.

मिठागर:
काका, साती आसरा पाण्यातल्या. डोहाकाठी सात दगड मांडतात त्यांचे. त्या पट्ट्यात वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कित्येकदा तोही नाही. बिचाऱ्या तहानेने जातील. आणि फारसी म्हणून परी काढायची तर 'जमीन'ही काढा. मग गोल पडणार कशात?

व्याकरणकाका:
भूमीत पडतील. काही बिघडत नाही.

भूगोलाची वही:
आधी वस्तू बघू, मग शब्द. परी तिथली नाहीच. तिथले हिंबा लोक ही देवाची पावलं मानतात. युरोपात कुरणात अळंब्या गोलाकार उगवतात, त्यांना पऱ्यांचं नाव आहे, तेच आफ्रिकेत नेऊन चिकटवलं. गंमत अशी की त्या अळंब्यांना 'रिंगण' चपखल बसलं असतं, कारण तिथे खरोखर कडच असते.

गोल कशाने पडतात यावर भांडण आहे. २०१३ मध्ये नॉर्बर्ट युर्गन्स हे संशोधक म्हणाले, वाळूतली वाळवी. ती कोवळी मुळं खाते, गोल उघडा पडतो, मग पावसाचं पाणी कुणी पिऊन टाकत नाही म्हणून खालच्या वाळूत ओल टिकते. श्टेफान गेत्झिन वगैरे दुसऱ्या संशोधकांचं म्हणणं, वाळवी लागतच नाही, गवतच पाण्यासाठी एकमेकांशी झगडतं आणि त्यातून ही नक्षी उमटते. वरून पाहिलं तर एकेका गोलाला बहुधा सहा शेजारी, मधाच्या पोळ्यासारखे. पावसानंतर गोलात उगवलेले कोंब थोड्याच दिवसांत वाळतात. ते उपटून पाहिले तर मुळं कुरतडलेली नव्हती, असं गेत्झिन यांनी २०२२ मध्ये मांडलं. त्याआधी २०१७ मध्ये कोरिना टार्निटा आणि सहकाऱ्यांनी दोन्ही कारणं एकत्र काम करतात असं गणित मांडून दाखवलं होतं. भांडण मिटलेलं नाही.

खानदेशी झटका:
वाळवी नाही हो, उधई. वाळवी लाकडाला लागते, शेतात असते ती उधई.

मिठागर:
आमच्या कोकणात दोन्हीकडे वाळवीच. घराचे वासे आणि आंब्याचं खोड, तिला काय फरक पडतो?

बोरीबाभळी:
वस्तू कळल्यावर चाई मागे घेतो. मळणीचं 'खळं' म्हणा. गोल, बोडकं, भोवती धाटं उभी. शिवाय चंद्राला पडतं तेही खळंच.

भूगोलाची वही:
तुम्ही सहज म्हणालात, पण माझ्या अंगावर काटा आला. पश्चिम ऑस्ट्रेलियात न्यूमन गावाजवळ काटेरी स्पिनिफेक्स गवतात असेच गोल आहेत, २०१६ मध्ये त्यांची खूप चर्चा झाली. तिथल्या मार्टू लोकांना ते पिढ्यान् पिढ्या माहीत. त्यांच्या भाषेत लिंज्जी, आणि ते म्हणतात ही वाळवीची घरं. २०२३ मध्ये त्यांच्यासोबत केलेलं संशोधन छापून आलं. खणून पाहिलं तर खाली वाळवीच्या खोल्या. आणि त्या टणक गोलांवर बायका काय करत? गवताचं बी झोडपत. म्हणजे खळंच!

शेंदाड:
मग ठरलं की. परीचं खळं.

खानदेशी झटका:
ठरलं कसं? तो ऑस्ट्रेलियातला गोल. तिथे वर चिकणमातीचा टणक थर, पाऊस पडला की पाणी साचतं. ताईंचा लेख नामिबियाचा. तिथे भुसभुशीत वाळू, पाणी वर ठरतच नाही. भुसभुशीत खळं ऐकलंय कुणी? खळं चोपावं लागतं. आमचे आजोबा आदल्या दिवशी पाणी शिंपडायचे, सकाळी चोपणीने ठोकायचे, मग शेणाने सारवायचे. टाच रुतली की पुन्हा.

शेंदाड:
दोन्हीकडचे गोल एकच की वेगळे, यावरही ते संशोधक भांडतातच ना?

भूगोलाची वही:
भांडतात. पण झटका यांचा मुद्दा खरा आहे.

व्याकरणकाका:
खळे. संस्कृत खल. 'खळं' हे बोलणे झाले, लिहिताना खळे लिहावे. गालावरची खळीसुद्धा तिथूनच.

मिठागर:
खळी तिथून? खळी खोलगट, खळं सपाट! आजीच्या गालावर मळणी करायची का?

व्याकरणकाका:
खळगा पाहा. दोघांचे मूळ एक असू शकते. 'असू शकते' म्हटले आहे मी.

कोरडवाहू:
सगळ्यांचे आभार, पण मला गुरुवारी लेख द्यायचाय. परी जाऊ दे, देवाची पावलं घेते. पण प्रत्येक ओळीत पावलं कशी लिहू? 'पावलाचा व्यास सहा मीटर'? आणि भोवतालच्या गवताला माळरान म्हणू की कुरण?

खानदेशी झटका:
कुरण राखलेलं असतं. माळ म्हणा.

बोरीबाभळी:
माळाला मुरूम लागतो. आमच्याकडे कुसळीचं गवत वाढतं तो माळ, धोतराला कुसळं टोचली नाहीत तर माळ कसला. नामिबच्या गवतालाही कुसळं असतात, एकेका दाण्याला तीन-तीन फाटे, मधला पिसासारखा. पण पायाखाली वाळू. वाळूचा माळ म्हणवत नाही.

शेंदाड:
झटका, आजोबांच्या खळ्यात मधला खांब, तिवडा, कशाचा होता? आमच्याकडे बाभळीचा. बैलांची पात फिरून फिरून त्याला कंबर पडली होती.

खानदेशी झटका:
निंबाचा. आणि खळ्यात चपला घालून कुणी पाय ठेवायचा नाही. एकदा तलाठी तसाच आत आला, आजोबांनी काही न बोलता त्याच्यासमोर पुन्हा सारवायला घेतलं.

कोरडवाहू:
गुरुवार…

मिठागर:
तलाठी काय म्हणाला मग?